साधना टिकते ती लहान बैठकीवर

घरची योगसाधना आळसामुळे मोडते असं म्हणतात. बहुतेक वेळा ती बेत मोठा असल्यामुळे मोडते. २१ जूनच्या योग दिनाच्या उत्साहात तासाभराचा कार्यक्रम ठरतो: बारा सूर्यनमस्कार, पंधरा आसनं, चार प्रकारचे प्राणायाम आणि शेवटी वीस मिनिटं ध्यान. तीन-चार आठवडे सगळं नीट चालतं. मग मुलांच्या परीक्षा येतात, पाहुणे येतात, ऑफिसात महिनाअखेर असते, आणि एखाद्या सकाळी हातात जेमतेम वीस मिनिटं उरतात. तासाचा कार्यक्रम त्यात बसत नाही म्हणून त्या दिवशी काहीच होत नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. महिन्याभरात सतरंजी माळ्यावर जाते.

अभ्यास पक्का कशाने होतो, याचं योगसूत्रं लिहिणाऱ्या पतंजलींचं उत्तर थोडक्यात आहे: दीर्घकाळ, खंड न पडता आणि आदराने केल्याने. किती मिनिटं आणि किती आसनं, हे तिथे नाही. शिकवताना आणि स्वतः करतानाही मी हेच धरून चालते. बैठक रोज व्हावी. तिच्यात काय करायचं ते वयाप्रमाणे, ऋतूप्रमाणे, प्रकृतीप्रमाणे बदलेल, आणि ते बदललंच पाहिजे.

त्यासाठी पहिल्या दिवसापासून साधनेचे दोन आकार ठरवून ठेवावेत. मोठी बैठक तासाची: पाच मिनिटं नुसतं शांत बसणं, पंचवीस मिनिटं आसनं, पाच मिनिटं शवासन, दहा मिनिटं प्राणायाम, पंधरा मिनिटं ध्यान. लहान बैठक पंधरा मिनिटांची. तिच्यात पाठीचा कणा वर, पुढे, मागे, बाजूंना आणि पिळात असा सगळीकडे एकदा फिरला पाहिजे, एवढीच अट. ताडासन, म्हणजे उभ्याने हात वर ताणणं, पाच श्वास. अर्धकटिचक्रासन, म्हणजे उभ्याने बाजूला वाकणं, दोन्ही बाजूंना तीन-तीन श्वास. पोटावर झोपून भुजंगासन, म्हणजे छाती वर उचलणं, पाच श्वास, दोनदा. पाठीवर वळून पवनमुक्तासन, म्हणजे गुडघे पोटाशी घेणं, पाच श्वास. बसून वक्रासन, म्हणजे कण्याला पीळ देणं, दोन्हीकडे पाच-पाच श्वास. घाई न करता हे सहा-सात मिनिटांत होतं. मग तीन मिनिटं अनुलोम-विलोम, म्हणजे आळीपाळीने एकेका नाकपुडीने श्वास, आणि पाच मिनिटं डोळे मिटून स्वस्थ. लहान बैठकीला कमी लेखू नये. संसारातल्या माणसाचे वर्षातले निम्मेअधिक दिवस तिचेच असतात.

नोंद ठेवायची तर भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारखेखाली एक टिंब पुरे. मिनिटं आणि फेऱ्या लिहायला लागलं की लक्ष आकडा वाढवण्याकडे जातं, आणि आकडा घसरला की बसायची इच्छाच जाते.

जागेबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण ध्यानात पाठ दुखते अशी तक्रार करणाऱ्यांची अडचण बहुतेक वेळा आसनाच्या उंचीत असते. मांडी घालून बसल्यावर गुडघे खुब्यांच्या खाली असायला हवेत. गुडघे वर राहिले तर ओटीपोटाचा भाग मागे कलतो, कंबर गोल होते, आणि ती सरळ ठेवायला पाठीचे स्नायू सतत ओढून धरावे लागतात. दहा मिनिटांत ते थकतात. उपाय साधा आहे. घोंगड्याची चौघडी करून तीन ते सहा इंच उंची होईल एवढी बैठक करायची आणि तिच्या पुढच्या कडेवर बसायचं, पाय खाली सतरंजीवर. तरीही एक गुडघा अधांतरी राहत असेल तर त्याच्याखाली दुमडलेला टॉवेल द्यायचा. एवढं करूनही गुडघे खाली येत नसतील तर खुर्चीत बसावं. खुर्ची अशी की तळवे पूर्ण जमिनीवर टेकतील. पाठ टेकायची नाही, किंवा फक्त कमरेमागे लहान उशी. खुर्चीत बसून केलेलं ध्यान कमी दर्जाचं असतं, ही समजूत सोडून द्यावी.

पावसाळ्यात फरशी गार आणि ओलसर होते. सतरंजीखाली एक चटई घालावी. नाहीतर श्रावण संपेपर्यंत कंबर धरते आणि दोष आसनांना दिला जातो.

वेळ पहाटेची उत्तम, यात वाद नाही. पोट रिकामं असतं, घर शांत असतं. पण ज्या घरात पाचला पाणी येतं आणि सहाला डबे भरायचे असतात, तिथे पहाट घरातल्या बाईच्या वाट्याला येत नाही. तिने दुपारची साडेतीनची वेळ धरावी. बाराला जेवण झालेलं असेल तर साडेतीन तास होऊन जातात आणि चहा अजून व्हायचा असतो. पूर्ण जेवणानंतर साडेतीन-चार तास, न्याहारीनंतर दोन तास, नुसत्या चहानंतर अर्धा तास, एवढं अंतर ठेवलं की दिवसातली कुठलीही वेळ चालते. पाळीत काम करणाऱ्यांनी बैठक घड्याळाला न बांधता अंघोळीला बांधावी. अंघोळ रोज होतेच, वेळ कुठलीही असो. आणि रात्री साडेअकराला झोपून ब्राह्ममुहूर्तावर उठण्याचा हट्ट धरू नये. पाच तासांच्या झोपेवर ध्यानाला बसलं की शरीर उरलेली झोप तिथे वसूल करतं.

आता आसनांकडे येऊ. विशी-तिशीत सूर्यनमस्कारांइतकी सोयीची गोष्ट नाही. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी त्यांचा घरोघरी प्रसार केला आणि आपल्याकडे रथसप्तमीला शाळांतून ते सामूहिक घातले जातात, त्यामुळे क्रम बहुतेकांच्या अंगात असतो. बिघडतं ते वेगामुळे. शेवटच्या फेऱ्यांत खांदे कानांजवळ येतात, कंबर खचते, श्वास आणि हालचाल यांचा मेळ सुटतो. तोंडाने श्वास घ्यावासा वाटला की ती फेरी शेवटची समजायची, मग ती सातवी असो की अकरावी. मनगट दुखत असेल तर सगळा भार तळहाताच्या टाचेवर पडतोय. बोटं पसरून भार अंगठा आणि तर्जनीच्या मुळाकडे न्यावा. तरीही दुखलं तर महिनाभर हात जमिनीऐवजी स्वयंपाकघरातल्या ओट्याच्या कडेवर ठेवून तोच क्रम करावा.

पस्तिशी ओलांडली की नमस्कारांची संख्या कमी करून प्रत्येक स्थितीत एक पूर्ण श्वास थांबायला लागावं. बारा जलद फेऱ्यांपेक्षा अशा चार फेऱ्यांत स्नायूंना जास्त काम पडतं आणि सांधे वाचतात.

चाळिशीत साधना सोडून देणाऱ्यांची संख्या मोठी असते आणि कारण बहुतेकदा तीन दुखण्यांपैकी एक असतं. तिन्ही टाळता येतात.

पहिलं गुडघ्याचं. पद्मासनात पाय बाहेर वळायला हवा तो खुब्यातून. खुबा वळत नसेल आणि पाऊल हाताने ओढून मांडीवर चढवलं तर उरलेला पीळ गुडघ्यावर येतो, आणि गुडघा हा मुख्यतः बिजागरीसारखा वाकणारा सांधा आहे. आतली कूर्चा चेपली जाते. गुडघ्याच्या आतल्या बाजूला बारीकशी जरी कळ आली तरी पाऊल खाली ठेवायचं. अर्धपद्मासन (एकच पाऊल मांडीवर) किंवा स्वस्तिकासन (साधी मांडी) आयुष्यभर पुरतं. खुबे मोकळे करायला बद्धकोनासन (बसून तळवे एकमेकांना जुळवणं) भिंतीला पाठ टेकून रोज दोन मिनिटं करावं, गुडघ्यांवर हाताने दाब न देता.

दुसरं बैठकीच्या हाडाशी होणारं दुखणं. पश्चिमोत्तानासनात, म्हणजे पाय लांब करून पुढे वाकताना, कपाळ गुडघ्याला लावायच्या नादात मांडीमागच्या स्नायूंची वरची मुळं ताणली जातात. हे दुखणं फसवं असतं. आसन करताना चांगला ताण बसतोय असं वाटतं, आणि नंतर स्कूटरवर किंवा कडक खुर्चीत बसलं की दुखतं. बरं व्हायला महिने लागतात. या काळात पुढे वाकणारी आसनं गुडघे किंचित वाकवून आणि निम्म्यावर थांबून करावी, आणि सेतुबंधासन (पाठीवर झोपून कंबर वर उचलणं) रोज पाच श्वास, तीनदा. ताणलेल्या स्नायूला आणखी ताणून आराम पडत नाही. त्याला हळूहळू बळ द्यावं लागतं.

तिसरं मानेचं. सर्वांगासनात, म्हणजे खांद्यांवर तोलून पाय सरळ वर नेताना, भार खांद्यांवर आणि दंडांवर यायला हवा. नुसत्या सपाट सतरंजीवर तो मानेच्या मणक्यांवर येतो. पुण्यात बी. के. एस. अय्यंगारांनी घोंगड्यांच्या घड्या, पट्टे, लोड आणि खुर्च्या यांचा पद्धतशीर वापर रुजवला, त्यातली एक मोलाची गोष्ट हीच: खांद्यांखाली तीन-चार घड्यांची जाडी द्यायची, डोकं खाली जमिनीवर, म्हणजे मान मोकळी राहते. मानेचा स्पाँडिलायटिस, उच्च रक्तदाब किंवा काचबिंदू असेल तर शीर्षासन-सर्वांगासन करूच नये. डोकं खाली गेलं की डोळ्यातला दाब वाढतो, आणि काचबिंदूत नेमकं तेच नको असतं. पन्नाशीनंतर एकदा डोळ्यांचा दाब तपासून घेतल्याशिवाय नवीन कोणालाही मी शीर्षासन देत नाही. त्याऐवजी पाठीवर झोपून पाय भिंतीला टेकवून पाच ते दहा मिनिटं पडावं. दिवसभर उभं राहणाऱ्या शिक्षिका, कंडक्टर, दुकानदार यांच्या पायांना यानेच जास्त आराम मिळतो.

साठीनंतर, विशेषतः स्त्रियांच्या बाबतीत, हाडांच्या ठिसूळपणाचा विचार करावा लागतो. पाठ गोल करून जोराने पुढे वाकलं तर मणका पुढच्या बाजूला चेपू शकतो. पाठ सरळ ठेवून खुब्यातून वाकावं, हात खुर्चीच्या पाठीवर. पिळाची आसनंही बसल्या बसल्या, हलक्या हाताने. मात्र उभ्याची आसनं सोडायची नाहीत. वीरभद्रासन, त्रिकोणासन भिंतीला पाठ लावून केली तर पायांना बळ राहतं, आणि या वयात सर्वांत जपायचं ते पडण्यापासून. वृक्षासनात एक बोट भिंतीला लावून प्रत्येक पायावर दहा-पंधरा सेकंदांपासून सुरुवात करावी. जमिनीवरून उठणं हेसुद्धा रोजचं आसन समजावं: शवासनातून कुशीवर वळायचं, हाताने रेटून बसायचं, चार पायांवर यायचं, खुर्ची धरून एक पाऊल पुढे टाकायचं आणि उठायचं. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर बसल्यावर मिनिटभर थांबून मगच उभं राहायचं.

प्राणायामात घाई जास्त महागात पडते. अनुलोम-विलोमाची एक फेरी अशी: डाव्या नाकपुडीने घ्यायचा, उजवीने सोडायचा, उजवीने घ्यायचा, डावीने सोडायचा. पहिले तीन महिने मनात मोजत घेणं चार अंक, सोडणं चार अंक, नऊ ते बारा फेऱ्या. मग सोडणं हळूहळू सहा आणि पुढे आठ अंकांपर्यंत न्यायचं. इथेच थांबलं तरी आयुष्यभराला पुरेल. परंपरेत पूरक (श्वास घेणं), कुंभक (रोखणं), रेचक (सोडणं) यांचं १:४:२ हे प्रमाण सांगितलेलं आहे, पण कुंभक शिक्षकासमोर शिकायचा. हृदयविकार आणि उच्च रक्तदाब असणाऱ्यांनी तो घेऊच नये. आपण जास्त ताणतोय का, हे ओळखायची खूण एकच आहे. सोडल्यानंतरचा पुढचा श्वास हपापल्यासारखा आत आला तर अंक दोनने कमी करायचे. हठप्रदीपिका या हठयोगाच्या जुन्या ग्रंथात प्राणाला सिंह, हत्ती, वाघ यांच्यासारखं हळूहळू वश करायला सांगितलंय, आणि उतावळेपणाने तो साधकालाच मारतो असा इशाराही दिलाय. डोकं जड होणं, कानात दडे बसणं, चिडचिड वाढणं, झोप उडणं ही त्या उतावळेपणाची रोजच्या जगण्यातली रूपं.

कपालभाती ही मुळात शुद्धिक्रिया आहे. वीस-तीस झटके, मध्ये विश्रांती, अशा दोन-तीन आवर्तनांत काम होतं. झटका पोटाचा, बाहेर टाकण्याचा; श्वास आत आपोआप येतो. खांदे आणि छाती हलत असतील तर ती कपालभाती झालीच नाही. गरोदरपणात, पाळीच्या दिवसांत, हर्निया असताना, उच्च रक्तदाबात आणि पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर ती नको.

ध्यानाविषयी लोक विचारतात की मन एकाग्र होत नाही, काय करावं. मन भटकतं हे बिघडल्याचं लक्षण नाही. भटकल्याचं कळणं आणि श्वासावर परत येणं, एवढ्या कृतीलाच सराव म्हणतात. दहा मिनिटांत चाळीस वेळा परत यावं लागलं तर चाळीस वेळा सराव झाला. सुरुवात दहा मिनिटांनी करावी, दर दोन महिन्यांनी पाच मिनिटं वाढवावीत आणि वीस-पंचवीस मिनिटांवर निदान दोन-तीन वर्षं राहावं. मोबाईलवर हलकी घंटा लावून तो पाठीमागे ठेवावा, म्हणजे वेळ बघायची ओढ राहत नाही.

इगतपुरीच्या धम्मगिरीला दहा दिवसांचं विपश्यना शिबिर करून आलेल्यांची एक विशेष अडचण असते. तिथे दिवसाचे दहा तास बसणं होतं, आणि घरी सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसायला सांगितलेलं असतं. घरी दोन तास निघत नाहीत, आणि दोन तास जमत नाहीत म्हणून काहीच होत नाही. अशांनी सकाळचे वीस मिनिटं अढळ धरावे. वीस मिनिटं वर्षभर टिकली की वाढवायला जागा आपोआप सापडते.

पतंजलींनी नऊ अंतराय, म्हणजे साधनेतले अडथळे, सांगितलेत. त्यातला व्याधी सगळ्यांना कळतो. आळस आणि स्त्यान, म्हणजे मनाचा जडपणा, बैठकीत डुलकीच्या रूपाने दिसतो. त्यावर डोळे अर्धे उघडे ठेवून तीन-चार फूट पुढे जमिनीवर नजर लावावी, बैठकीची उंची इंचभर वाढवावी, किंवा आधी दोन मिनिटं उभ्याची आसनं करावी. पाच-दहा वर्षं झालेल्या साधकाला मात्र वेगळेच अंतराय गाठतात. एक भ्रांतिदर्शन: काही दिसलं, काही नाद ऐकू आला की पोचल्याचा समज होतो. दुसरा अलब्धभूमिकत्व: वर्षानुवर्षे करूनही पुढे गेल्यासारखं वाटत नाही. या टप्प्यावर लोक पद्धत बदलतात. सहा महिने मंत्र, सहा महिने श्वास, मग कोणाचं तरी नवीन शिबिर. मी सांगते, निदान तीन वर्षं एकच पद्धत. आणि प्रगती मोजायची तर बैठकीत मोजू नये. राग आल्यावर तो किती वेळ टिकतो, दुखावणारं बोलण्याआधी क्षणभर थांबता येतं का, रात्री जाग आली तर परत झोप लागते का, हे पाहावं. याचं उत्तर घरच्यांना आपल्याआधी माहीत असतं.

एक गोष्ट गांभीर्याने. सतत घाबरटपणा, जुना मानसिक आघात, खोल नैराश्य असेल तर डोळे मिटून लांब बसल्याने त्रास वाढू शकतो. तसं जाणवलं तर बसणं पाच मिनिटांवर आणावं, डोळे उघडे ठेवावेत, सावकाश चालत पावलांवर लक्ष ठेवावं, आणि मानसोपचारतज्ज्ञांना भेटावं. चालू गोळ्या योगासाठी परस्पर बंद करायच्या नाहीत.

खंड पडणारच. लग्नकार्य, गणपती, गावाकडची जत्रा, एसटीचा रात्रभराचा प्रवास. अशा दिवशी झोपण्याआधी अंथरुणावर पाठ टेकून बारा शांत श्वास मोजावे, कॅलेंडरवर टिंब द्यावं. ताप असेल तर आसनं पूर्ण बंद. उतरल्यावर ताप जितके दिवस होता निदान तितके दिवस लहान बैठकच करावी. चिकुनगुनियानंतर सांधे महिनोन्महिने धरलेले राहतात. तेव्हा गादीवर पडून बोटं, मनगटं, घोटे सावकाश फिरवणं आणि श्वास, एवढीच साधना. जुन्या साधकाला यात कमीपणा वाटतो आणि तो सांधा सुजलेला असतानाच वज्रासनात बसू पाहतो. हठप्रदीपिकेने योगाचा नाश करणाऱ्या सहा गोष्टींत अतिप्रयास आणि नियमाग्रह या दोन्ही घातल्यात, ते अशा माणसासाठी.

आपली पाठ आपल्याला दिसत नाही, म्हणून दोन-तीन वर्षांनी आठवडाभर तरी शिक्षकासमोर करून दाखवावं. १९२४ पासून चालू असलेलं लोणावळ्याचं कैवल्यधाम, पुण्यातली अय्यंगारांची संस्था, नागपुरातलं योगाभ्यासी मंडळ, सांताक्रूझची योग इन्स्टिट्यूट अशा जुन्या जागा आपल्याकडे आहेत. शिस्त प्रत्येकाची वेगळी आहे. एकीची निवड करावी आणि दुसरीकडचं मध्येच मिसळू नये.

शस्त्रक्रिया झाली की साधना सर्वांत जास्त काळ तुटते, आणि बऱ्याचदा चुकीचा प्रश्न विचारल्यामुळे. डॉक्टरांना "योग करू का?" असं विचारलं तर "सध्या नको" किंवा "हलका करा" यापलीकडे उत्तर मिळत नाही. त्याऐवजी पाच प्रश्न लिहून न्यावेत. कमरेतून पुढे वाकू का? डोकं छातीच्या खाली नेऊ का? पोटावर दाब आणू का? श्वास रोखू का? जमिनीवर बसू-उठू का? मोतीबिंदूनंतर दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर काही आठवडे नाही असतं, हर्नियानंतर तिसऱ्याचं, गुडघा बदलल्यावर बहुधा पाचव्याचं. प्रत्येक "नाही"पुढे किती आठवडे तेही लिहून घ्यावं. शांत बसणं आणि संथ श्वास यांना बहुतेक कोणीच हरकत घेत नाही, म्हणून घरी आल्यावर त्याच संध्याकाळी खुर्चीत पाच मिनिटांनी सुरुवात करता येते.